धानाच्या गोदामात वजन कुठे जातं? फोनवर स्टॉक सांभाळायची सोपी पद्धत

गडचिरोली जिल्हा आणि चंद्रपूरचा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हा भाग म्हणजे धानाचा पट्टा. खरीप निघाला की खरेदी केंद्रांवर काटे लागतात. गडचिरोलीत बरीचशी खरेदी आदिवासी विकास महामंडळासाठी गावोगावच्या सहकारी संस्था करतात. पुढे हा धान राईस मिलमध्ये भरडाईला जातो. सरकारी हिशेब १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ असा आहे आणि तो तांदूळ रेशन दुकानात पोहोचतो.

पण काटा आणि मिल यांच्या मधे धान थांबतो. कधी गोदामात, कधी उघड्यावर ताडपत्रीखाली, आणि कधी कित्येक महिने. या काळात वजन कमी भरलं तर पहिला संशय केंद्र सांभाळणाऱ्यावर येतो. बारावी किंवा पदवी झालेली बरीच मुलं-मुली अशा ठिकाणी नोंदी ठेवायचं काम करतात. तुम्ही त्यातले असाल तर हा लेख तुमच्यासाठीच.

आधी गणित: चोरी न होता वजन कसं घटतं?

सरकारी खरेदीत धानात जास्तीत जास्त १७ टक्के ओलावा चालतो. पण जास्त दिवस साठवायचा तर तो १४ टक्क्यांच्या आत हवा. हिवाळ्या-उन्हाळ्यात पडून राहिलेला धान आपोआप वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. दाणा तेवढाच राहतो, वजन मात्र कमी होतं.

सूत्र सोपं आहे:

नवं वजन = जुनं वजन × (१०० − आधीचा ओलावा) ÷ (१०० − आताचा ओलावा)

समजा १७ टक्के ओलाव्याचा १,००० क्विंटल धान घेतला आणि तो वाळून १४ टक्क्यांवर आला. १,००० × ८३ ÷ ८६ = सुमारे ९६५ क्विंटल. म्हणजे ३५ क्विंटल गेले! ४० किलोची २,५०० पोती होती, आताही २,५००च आहेत, पण प्रत्येक पोतं साधारण ३८.६ किलोचं झालंय. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या हिशेबाने ही घट ८० हजारांची होते.

सरकार काही प्रमाणात घट मान्य करतं. त्याहून जास्त तूट आली तर मात्र उत्तर द्यावं लागतं. तेव्हा 'धान वाळला' असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. धान आला तेव्हा ओलावा किती होता आणि गेला तेव्हा किती, हे लिहिलेलं असेल तरच वरचं गणित दाखवता येतं. आणि खरंच चोरी झाली असेल तर तीही याच नोंदीतून उघडी पडते, कारण ओलाव्याचा हिशेब लावूनही वजन जुळत नाही.

फोनवर काय लिहायचं?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गुगल शीट्समध्ये एक शीट बनवा आणि प्रत्येक थप्पीसाठी एक ओळ ठेवा. रकाने एवढेच:

- थप्पी क्रमांक आणि गोदामातली जागा
- धान आल्याची तारीख
- पोत्यांची संख्या आणि वजन
- येतानाचा ओलावा
- दर पंधरा दिवसांनी मोजलेला ओलावा
- बाहेर गेल्याची तारीख, वजन आणि ओलावा

ओलावा मॉइश्चर मीटरवर मोजायचा. एकाच पोत्यातून नमुना घेऊ नका. वरून, मधून, खालून असा चार-पाच पोत्यांतून घ्या आणि सरासरी लिहा. मीटरच्या आकड्याचा फोटोही काढून ठेवा.

एटापल्ली, भामरागडकडे नेटवर्कचा भरवसा नसतो. म्हणून शीट उघडून मेनूमधून ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर चढते. सोबत थप्पीवर कागदी कार्डही लटकवा. फोन पाण्यात पडला तरी हिशेब राहतो.

एक काळजी घ्या. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, सातबारा, बँक पासबुकचे फोटो या शीटमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. थप्पीच्या हिशेबाला त्यांची गरज नाही.

आधी आलेलं आधी बाहेर

गोदामात होतं काय, की दाराजवळ शेवटी रचलेला धान पहिला उचलला जातो आणि मागचा जुना धान पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. शीट तारखेनुसार लावली की ट्रक आल्यावर कोणती थप्पी काढायची ते लगेच कळतं. त्यात एक अपवाद: ज्या थप्पीचा ओलावा जास्त आहे किंवा जी आतून गरम लागतेय, ती आधी पाठवा. गरम होणं म्हणजे आत बुरशी किंवा किडीचं काम सुरू झालंय.

दोन थप्प्यांमध्ये आणि भिंतीपासून माणूस सहज फिरेल एवढी वाट सोडा. खाली लाकडी फळ्या किंवा क्रेट हवेतच, नाहीतर जमिनीची ओल खालच्या थरात चढते. उघड्यावरच्या धानाला ताडपत्री पावसापासून वाचवते, पण ती आतली वाफही कोंडते. ऊन पडलं की ती उघडून हवा लागू द्या.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा भागातली थप्पी जूनच्या आधी हललीच पाहिजे. शीटमध्ये तिच्यासमोर लाल रंग भरून ठेवा.

माणूस आधी, पोतं नंतर

थप्पी विटांच्या भिंतीसारखी रचा: एक थर उभा, त्यावरचा आडवा. काढताना वरून पायऱ्या-पायऱ्यांनी काढा. घाई म्हणून मधलं किंवा खालचं पोतं ओढलं तर अख्खी थप्पी हमालांच्या अंगावर येऊ शकते.

धान तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे साप. फटीत हात घालण्याआधी टॉर्च मारा, पायात बूट ठेवा. साप चावला तर झाडफुकीत वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

सगळ्यात मोठा धोका दिसत नाही. किडीसाठी थप्पीवर प्लास्टिक टाकून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क तो अडवत नाही. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असंही नाही. हे काम प्रशिक्षित माणसांनीच करायचं. त्या दिवसांत दाराला कुलूप, बाहेर फलक, आणि आत कोणी झोपायचं नाही. फॉस्फिन तांब्याला गंजवतो, त्यामुळे तुमचा फोन आणि मॉइश्चर मीटरही आत विसरू नका.

सुरुवात कुठून करायची?

एका थप्पीपासून. आज तिला क्रमांक द्या, ओलावा मोजा, वजनासोबत लिहा. पंधरा दिवसांनी परत मोजा आणि सूत्रात टाका. उत्तर जुळलं की बाकीच्या थप्प्याही घ्या. हंगामाच्या शेवटी कोणी 'वजन कुठे गेलं?' विचारलं तर तुम्हाला फक्त शीट उघडून दाखवायची आहे.