अवजड विमानाची कसरत

सोलापूर-गोवा विमान जून २०२५मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमच्या शुक्रवार पेठेत आवाज आला की बायका गच्चीवर धावतात. शेजारच्या सूनबाईनं मला विचारलं, "काकू, कसरतीची विमानं कोलांट्या मारतात, मग मोठं का नाही मारत?"

मैत्रिणींनो, एकदा मारली होती! १९५५ साली टेक्स जॉन्स्टन यांनी बोइंगचं मोठं जेट सिअॅटलच्या तळ्यावर चक्क उलटं फिरवलं. पण असं धाडस जमिनीलगत जिवावर बेततं. २८ जुलै २०१० रोजी अलास्कात प्रदर्शनाचा सराव करताना सी-१७ हे अवाढव्य मालवाहू विमान कोसळलं. आतले चौघेही गेले. वळताना विमान साठ अंश कललं की पंखांवर दुप्पट भार येतो. वेग कमी असेल तर पंख तो पेलत नाहीत, आणि सावरायला खाली उंची नसते. धोक्याची सूचना वाजली, तरी वैमानिकानं वळण सोडलं नाही. चौकशीत फाजील आत्मविश्वासावर बोट ठेवलं गेलं, तसंच वरच्यांच्या ढिल्या देखरेखीवरही.

मला यातलं हे दुसरं कारण जास्त बोचतं. "तो तरबेज आहे" म्हणून कुणी टोकत नाही. आपल्या घरातला तरबेज गाडीवाला भरधाव सुटतो, तेव्हा आपण तरी कुठे टोकतो? टोकूया. रागावला तर रागावू दे!