मंत्रचळ : धुणं थांबतं ते कसं

या आजाराला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात आणि घरचे 'तिला स्वच्छतेची भारी हौस' म्हणत वर्षानुवर्षं वेळ मारून नेतात.

समजा, परभणीतल्या एका घरातली सून दिवसाला दोन घागरी पाणी नुसतं हात धुण्यात घालवते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे लपत नाही. भांडण मात्र पाण्यावरून होतं, आजाराचं नावही निघत नाही.

आत काय चालतं? हाताला काहीतरी लागलंय, असा विचार घुसतो. तो फोल आहे हे बहुतेकदा तिलाही कळतं, पण धडधड थांबत नाही. धुतलं की हायसं वाटतं आणि सगळी गोम त्या हायसं वाटण्यात आहे. धुतलं म्हणून वाचलो, असा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर उठते. कडी तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप पुन्हा करणं, सगळ्यांची चाल हीच.

मग तोड कुठे? 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना घाण वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला सांगितला आणि नंतर धुऊ दिलं नाही. भीती चढली, काही वेळाने आपोआप उतरली. आज हाच उपचार रुग्णाच्या संमतीने, पायरीपायरीने होतो. भीतीला 0 ते 100 गुण द्यायचे : दाराची कडी 30, चप्पल 50, बसस्थानकावरचा बाक 80. कडीपासून सुरुवात. हात लावायचा, धुवायचं नाही, थांबायचं. हाच सराव रोज, घरीसुद्धा. घरच्यांनी नळाची तोटी बंद करून ठेवणं म्हणजे उपचार नव्हे. पाणी नाही म्हणून न धुणारी बाई नळ येण्याची वाट पाहत बसते, शिकत काहीच नाही.

सोबत औषधं असतात : फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, किंवा जुनं क्लोमिप्रामिन. मात्रा बहुधा नैराश्याला देतात त्यापेक्षा जास्त लागते आणि गुण यायला 8 ते 12 आठवडे जातात. दुसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या सोडणारे अनेक. बरं वाटलं तरी वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायच्या, थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून. नुसत्या झोपेच्या गोळीने मंत्रचळ जात नाही.

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातून करता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशकाला एक प्रश्न बेधडक विचारावा : 'हा सराव तुम्ही करून घेणार, की नुसतं बोलणार?' माझ्या मते निवड इथेच ठरते. असा माणूस जवळ नसेल तर व्हिडिओ कॉलवरही हा उपचार होतो.

राहिले घरचे. 'माझे हात स्वच्छ आहेत ना?' असं ती दिवसातून वीसदा विचारते आणि सासूबाई मायेनं वीसदा 'हो गं बाई' म्हणतात. तेही धुण्यासारखंच : क्षणभर हायसं, मग पुन्हा प्रश्न. म्हणून उपचार सुरू झाला की आधी तिच्याशीच ठरवून घ्यायचं आणि मग म्हणायचं, 'भीती वाटतेय हे कळतंय गं मला. पण उत्तर नाही द्यायचं असं ठरलंय ना आपलं? चल, इथंच बसू जरा.'