जलीय अंत्यसंस्कार

मृतदेहाची विल्हेवाट अग्नी वा भूमी यांऐवजी क्षारयुक्त उष्ण पाण्याच्या साहाय्याने लावण्याची पद्धती. रसायनशास्त्रात हिला ‘क्षारीय जलीय विच्छेदन’ म्हणतात. संन्याशांना देण्यात येणारी जलसमाधी हिच्याहून भिन्न होय. तीत देह नदीत वा समुद्रात सोडला जातो, तर या पद्धतीत तो बंद पात्रात विघटित होतो.

देह पोलादी पात्रात ठेवून त्यात पाणी व पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांचे मिश्रण सोडतात. मिश्रणात पाण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के असते. दाबाखाली सुमारे १५०° से. तापमानास ही क्रिया काही तासांत पुरी होते; पाण्याच्या उकळबिंदूच्या खालील तापमानास तिला १४ ते २० तास लागतात. प्रथिने व मेद यांचे विघटन होऊन ॲमिनो अम्ले, लहान पेप्टाइडे व साबण यांचा तपकिरी विद्राव उरतो. हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळत नाही. ते वाळवून व दळून आप्तांच्या स्वाधीन करतात. विद्राव निर्जंतुक असला, तरी अतिशय क्षारधर्मी असतो व त्यातील सेंद्रिय द्रव्याचे प्रमाणही मोठे असते.

अशा प्रक्रियेचे एकस्व अमेरिकेत १८८८ मध्ये एमस हॉब्सन यांनी घेतले. तिचा हेतू प्राण्यांच्या अवशेषांपासून खत मिळविण्याचा होता. १९९० नंतरच्या दशकात प्रायोगिक प्राण्यांच्या शवांसाठी व पुढे वैद्यकीय शिक्षणास दान केलेल्या देहांसाठी तिचा उपयोग होऊ लागला. मिनेसोटा राज्याने २००३ मध्ये तिला कायदेशीर मान्यता दिली. कॅलिफोर्नियाचा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०२० मध्ये अंमलात आला. आर्चबिशप डेझमंड टूटू (१९३१–२०२१) यांच्या देहावर दक्षिण आफ्रिकेत याच पद्धतीने संस्कार झाले. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०२० मध्ये सुरक्षितता, मृताची प्रतिष्ठा व पर्यावरण या तीन कसोट्या लावून ही पद्धती स्वीकारार्ह ठरविली.

या पद्धतीत धूर होत नाही आणि दातांच्या भरणातील पारा हवेत जात नाही. तथापि तिच्या लाभाचे पाश्चात्त्य हिशेब मुख्यतः वायुदाहिनी व दफन यांच्याशी तुलना करून मांडलेले आहेत. भारतात पारंपरिक चितेस सामान्यतः ४०० ते ५०० किग्रॅ. लाकूड लागते असे मानतात. येथील तुलना चितेशी, तसेच कमी लाकूड लागणाऱ्या सुधारित दाहिन्यांशी करावी लागेल. पाणी, वीज व क्षाराची निर्मिती यांचा भारही जमेस धरला पाहिजे.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत दफन, दहन व त्यांच्या भूमी हा विषय (नोंद १०) असल्याने याबाबतचा कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये विद्युत् दाहिनीचा स्पष्ट उल्लेख आहे. जलीय पद्धतीचा नाही. नवे तंत्र कायद्याच्या शब्दांत कसे येते याचे विद्युत् दाहिनी हे उदाहरण होय.

नियमनाचा खरा प्रश्न मात्र विद्रावाचा आहे. चितेचा शेष राखेच्या रूपाने उरतो. येथे तो सांडपाण्याच्या रूपाने उरतो. परदेशांतील शहरांत हा विद्राव सांडपाणी-शुद्धीकरण केंद्राकडे नेता येतो. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील थळ हे खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांसमोरील किनारी गाव. तेथे कोळी समाजाची उपजीविका समुद्रावर अवलंबून आहे. अशा गावी जलीय दाहिनी उभारावयाची झाल्यास विद्रावाचे उदासिनीकरण व शुद्धीकरण यांची सोय आधी करावी लागेल. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेणे क्रमप्राप्त ठरेल. सागरी किनारा विनियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचनाही प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई करते. थळ येथील १९८५ मध्ये सुरू झालेल्या खतकारखान्यासारख्या उद्योगांच्या सांडपाण्याचे नियमन प्रदूषणविषयक कायद्याने होते. अंत्यसंस्काराच्या विद्रावास तांत्रिक निकष तोच लावता येईल. परंतु तो मानवी देहाचा अंश असल्याने त्याचा खत म्हणून उपयोग करावा की नाही, हे आप्तांच्या संमतीविना ठरविता येणार नाही.

हिंदू अंत्येष्टीत मंत्राग्नी हा प्रधान विधी असल्याने अग्नीचा अभाव हा गंभीर आक्षेप ठरतो. अस्थिसंचयन व अस्थिविसर्जन मात्र या पद्धतीतही शक्य आहे. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी परंपरेत आहे. देह उपलब्ध असताना तो कितपत ग्राह्य मानावा, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. अंत्यविधीतील बदल समाजाच्या अंतर्गत विचारातून होतात, याचे उदाहरण मुंबईत आढळते. गिधाडांची संख्या घटल्यावर दहन स्वीकारणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी वरळी येथील स्मशानभूमीत २०१५ मध्ये प्रार्थनागृह सुरू झाले. दोख्म्याची प्रथा मात्र त्यामुळे बंद झाली नाही. जलीय पद्धतीस मान्यता द्यावयाची झाल्यास तीही ऐच्छिकच असावी लागेल. मृत्युनोंदणी, वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांत पोलिसांची पूर्वपरवानगी व अस्थींची ओळख कायम राखणे या अटीही आवश्यक ठरतील. कारण दहनाप्रमाणेच या क्रियेनंतरही देहाची पुनर्तपासणी शक्य नसते.