वर बर्फ, खाली कोमट

जुन्या डबल डोअर फ्रीजमध्ये वर आइस्क्रीम घट्ट आणि खाली दूध नासतंय? मग ‘गॅस संपला’ हे निदान लगेच मान्य करू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा तयार होतो तो फ्रीझरच्या आतल्या पॅनेलमागच्या कॉइलवर. पंखा तिथली थंड हवा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारं हिम वितळवायला अधूनमधून हीटर चालतो. हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर बिघडला की हिमाने हवेची वाट बुजते.

हे हिम वितळवायला प्लग काढा, फ्रीज रिकामा करा, दारं दिवसभर उघडी ठेवा. खाली जुनी चादर अंथरा, पाणी बरंच निघतं. नंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष बहुधा डीफ्रॉस्टचा, म्हणजे हिम वितळवणाऱ्या यंत्रणेचाच. तिचे सुटे भाग कॉम्प्रेसरच्या मानाने स्वस्तात मिळतात. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर बहुधा निचऱ्याचं भोक तुंबलंय. तिथे थोडं कोमट पाणी सोडा.

बर्फ सुरीने खरवडण्याचा मोह मात्र टाळा. कॉइलला भोक पडलं की खर्च कैक पटींनी वाढतो. शिवाय लेबलवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं असेल तर आतला वायू ज्वालाग्राही आहे. वायूच्या नळीचं काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.