हाक ऐका, पाऊल टाका!

मुलांनो, स्क्वेअर डान्स म्हणजे चौकोनात करायचा नाच. चार जोड्या, म्हणजे आठ जण, चौकोनाच्या चार बाजूंवर आत तोंड करून उभे राहतात. वाद्यांकडे पाठ असते ती पहिली जोडी. तिच्या उजव्या हाताला दुसरी, मग तिसरी, चौथी.

गोव्यात शिमग्याला गोफ नाचतात. रंगीत दोऱ्यांची वेणी विणायची आणि उलट्या पावलांनी ती सोडवायची. कोणी कुठून जायचं, ते आधीच ठरलेलं असतं. स्क्वेअर डान्समध्ये मात्र पुढची चाल नाचणाऱ्यांना ठाऊक नसते! ती ऐनवेळी सांगतो ‘कॉलर’. शर्टाची नव्हे हं, हाक देणारा! आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे लगेच पटतं: आज्ञा मोजक्या, पण त्यांचा क्रम बदलला की नाच नवा.

हा नाच आला कुठून? लंडनला १६५१ साली जॉन प्लेफर्डने छापलेल्या पुस्तकात चार जोड्यांचे चौकोनी नाच आहेत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये असे नाच फार लोकप्रिय झाले आणि पुढे अमेरिकेत पोचले. युरोपात लोक नृत्यशिक्षकाकडून चाली पाठ करत. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत शिक्षक कुठला? मग चाली मोठ्याने सांगायची पद्धत पडली. सुरुवातीच्या कॉलरांमध्ये अनेक कृष्णवर्णीय वादक होते, आणि त्यांतले कितीतरी गुलाम होते.

प्रवासात शब्दही बदलले. फ्रेंच ‘दो-झा-दो’, म्हणजे पाठीला पाठ, याचं झालं ‘डो-सी-डो’. आपणही पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा आणि चावी घेतलेच की! तेव्हा मुलांचे उच्चार थोडे वेगळे झाले, तर पालकांनी घाबरू नये. शब्द वापरात राहिला, तर तो टिकतो.

१९७४ साली स्थापन झालेल्या ‘कॉलरलॅब’ या संस्थेने हाका सगळीकडे सारख्या केल्या. त्या इंग्रजीतच असतात. त्यामुळे जपानचा पाहुणा इथे न्यूझीलंडच्या क्लबातही नाचू शकतो. पण हाक ऐकताच पाय हलायला हवा. मनात भाषांतर करत बसलात, तर बाकीचे सात जण पुढे जातात आणि चौकोन मोडतो.

आपल्या मराठीचंही तसंच आहे. ‘इकडे ये’ ऐकल्यावर आधी इंग्रजी आठवावं लागू नये. म्हणून घरी करून पाहा: आठ जण जमवा, आजीला कॉलर करा. ‘उजवा हात द्या’, ‘पाठीला पाठ’, ‘गोल फिरा’, ‘जागेवर या’. चार हाका पुरे!