दंड की घाईची किंमत?

हेलसिंकी शहरात नोकिया कंपनीचे एक संचालक अन्सी वान्योकी यांनी 2001 साली ताशी 50 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 75 च्या वेगाने मोटारसायकल चालविली. दंड झाला 1,16,000 युरो! फिनलंडमध्ये 1921 पासून दैनंदिन मिळकतीवर आधारलेली दंडपद्धती आहे. उत्पन्न घटल्याचा पुरावा घेऊन वान्योकी न्यायालयात गेले, तेव्हा दंड सुमारे 95 टक्क्यांनी कमी झाला.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांच्या अतिवेगाबद्दलचा 400 रुपयांचा दंड 1000 ते 2000 रुपये झाला. भाड्याची टॅक्सी चालविणाऱ्याची त्यात दोन दिवसांची कमाई जाते. आलिशान मोटारीच्या मालकाला मात्र ती घाईची माफक किंमत वाटते. शिक्षेची अशी किंमत झाली की जरब संपते.

बहुसंख्यांच्या मिळकतीची नोंदच नसलेल्या देशात फिनलंडची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे खरे. परंतु मोटारीची किंमत तर सरकारदप्तरी नोंदलेली असते. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी कर त्याच किमतीवर आकारला जातो. करासाठी चालणारे हे माप दंडासाठी का चालू नये? कायद्यापुढे सर्व समान असतील, तर दंडाची झळही सर्वांना समान बसली पाहिजे.