दोन घाट आणि एक गिअर

काशीच्या अमृतराव घाटावर ‘घाट’ म्हणजे गंगेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी बांधलेला हा घाट आज राजा घाट या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या सायकलपटूच्या मनात मात्र ‘घाट’ म्हणताच खंडाळ्याची चढण उभी राहते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत हौशी शर्यतपटूंच्या एका जुन्या वादाचे उत्तर बरेचसे दडलेले आहे : टाइम ट्रायलसाठी सायकल फिक्स्ड व्हीलची असावी की गिअरची?

टाइम ट्रायल ही घड्याळाशी असलेली शर्यत. स्पर्धक ठरावीक अंतराने, बहुधा मिनिटामिनिटाने, एकेकटे सुटतात. दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेण्यास मनाई असते. इंग्लंडमध्ये 1895 साली एफ. टी. बिडलेक यांनी या प्रकाराचा पाया घातला आणि पुढे अनेक दशके तेथील हौशी स्पर्धक पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यांवर फिक्स्ड व्हील घेऊनच उतरत राहिले.

फिक्स्ड व्हीलमध्ये मागचे दाती चाक थेट हबला जखडलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय स्थिर ठेवून विसावण्याची सोय नाही; फ्रीव्हीलची ती ओळखीची टकटकही नाही. त्याच्या बदल्यात यंत्रणा हलकी व साधी राहते, चेन सरळ रेषेत धावते आणि बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. पायांना एकसारखी लय लागते, हा त्याहून मोठा लाभ.

यातील हिशेब बँकेच्या ग्राहकांना आवडावा असा आहे. पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चाकाचे दाते, गुणिले चाकाचा इंचांतील व्यास, म्हणजे ‘गिअर’. पुढे 48, मागे 18 दाते आणि 27 इंची चाक असेल तर गिअर येतो 72 इंच. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पावणेसहा मीटर पुढे सरकते. मिनिटाला शंभर फेऱ्या मारल्या तर ताशी सुमारे साडेचौतीस किलोमीटर वेग मिळतो. ताशी चाळीस हवे असतील तर फेऱ्या 116 वर न्याव्या लागतात, आणि तेथे हौशी स्पर्धकाची दमछाक होते.

या एकाच गिअरवर काय साधता येते हे रे बूटी यांनी 1956 साली दाखवून दिले. शंभर मैलांचे अंतर चार तासांच्या आत, 3 तास 58 मिनिटे 28 सेकंदांत, त्यांनी पार केले, तेही 84 इंचांच्या फिक्स्ड व्हीलवर. हिशेब मांडला तर त्या सकाळी त्यांचे पाय सुमारे चोवीस हजार वेळा फिरले असावेत.

मग गिअर हवेत कशाला? वाऱ्यासाठी आणि चढासाठी. काशी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असूनही तिची उंची जेमतेम ऐंशी मीटर आहे. गंगेच्या अशा सपाट मैदानात एक गिअर पुरतो, समोरून वारा नसेल तर! खोपोलीहून खंडाळ्याला जाताना मात्र थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटर चढावे लागते. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जात असे तो उगाच नव्हे. तेथे 84 इंची फिक्स्ड व्हील घेऊन जाणारा गुडघ्यांशी वैर पत्करतो, आणि उतरताना पायडल त्याच्या पायांना फरफटत नेते. ‘टूर द फ्रान्स’मध्येदेखील डिरेलर गिअरला परवानगी मिळाली ती 1937 साली. संस्थापक देग्रांज यांचा त्यांना विरोध होता. त्यांच्या दृष्टीने गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय. हा अभिमान समजण्यासारखा असला तरी गुडघे देग्रांज यांचे नव्हते, स्पर्धकांचे होते.

लांब पल्ल्यावर तर वादच उरत नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही एका अर्थी अखंड टाइम ट्रायलच. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघातून पूर्ण केली, तर 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. रॉकी पर्वत एका गिअरवर ओलांडण्याचा हट्ट तेथे कोण धरील?

नव्याने या खेळाकडे वळणाऱ्याने लाखाच्या घरातील सायकलीसाठी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी एक हंगाम जुन्या सायकलीला फिक्स्ड व्हील बसवून पाहण्यास हरकत नाही. इंग्लंडमधील अनेक क्लब आजवर हंगामाच्या आरंभी 72 इंचांची मर्यादा घालून शर्यती घेत आले आहेत. त्यात पैशाचा नव्हे, पायांचा कस लागतो. घराजवळचा रस्ता सपाट असेल तर ती सायकल पुढेही उपयोगी पडेल. चढ असेल तर गिअरला पर्याय नाही. मात्र फिक्स्ड व्हीलला पुढचा ब्रेक हवाच. सायकल-मैदानावरील सायकलींना ब्रेक नसतात, पण तेथे गाय आडवी येत नाही.